देवडोंगराचा फ्लेक्स

भिवंडीत आभाळ मोकळं दिसलं की कुणीतरी तिथे आपला फोटो लावतं. वाढदिवस, जयंती, उरूस, सप्ताह, दहावी पास, नाहीतर नुसताच आभार; निमित्ताला तोटा नाही. नाक्यावर उभं राहून मान वर करावी तर सूर्याआधी कुणाचा तरी गॉगल दिसतो. पंढरीनाथांनी उभी नोकरी याच नाक्यांवरून टपाल वाटत काढली आणि त्यांची त्याबद्दल कधी तक्रार नव्हती. उलट सायकलवरून जाताना ते फ्लेक्सवरच्या ओळखीच्या चेहऱ्यांना मान हलवून नमस्कार करत. चेहरेही हसतच असत.

निवृत्तीनंतर मुलाने, सुगतने, पुण्याहून कॅमेरा आणून दिला आणि पंढरीनाथांना डोंगर-झाडांचे फोटो काढायचा नाद लागला. हा नाद नवा. जुना नाद गाण्याचा. विहारात बुद्ध-भीम गीतांची बैठक असो की शेजारच्या गावातल्या सप्ताहाचं कीर्तन असो, कुणी गाऊन चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायला उभा राहिला की पंढरीनाथ सर्वांत पुढे मांडी घालून बसलेच. घरी येताना चाल गुणगुणत यायचे आणि जेवताना पत्नीला, मंदाताईंना, अख्खं आख्यान पुन्हा ऐकवायचे, हातवाऱ्यांसकट. एकदा आमटीची वाटी त्यात लवंडली.

"अहो, तुम्ही नेमके कुणाचे?" मंदाताई विचारायच्या.

"जो चालीत सांगेल त्याचा."

तर कॅमेरा आला तसं रवींद्रने त्यांना आपल्या 'निसर्गवेध छायाचित्र मंडळा'त ओढलं. रवींद्र विम्याचा एजंट. मंडळ त्याने काढलेलं, अध्यक्ष तोच, आणि मंडळाच्या झाडून सगळ्या फोटोंत उभा असायचा तोही तोच. लाल जॅकेट, कमरेवर हात, नजर क्षितिजावर. धबधबा असो, तळं असो, पठार असो, मध्ये रवींद्र.

"दादा, माणूस उभा केल्याशिवाय डोंगराची उंची कळत नाही," तो पंढरीनाथांना समजावायचा. "हा फोटोग्राफीचा नियम आहे."

जानेवारीतल्या एका रविवारी मंडळ वज्रेश्वरीच्या पलीकडे एका पाड्यावर गेलं. वाट दाखवायला पाड्यावरचा सावळ्या पुढे. उजाडता उजाडता सगळे एका सपाट कातळावर पोचले. समोर धुक्यातून डोंगर वर येत होता, अगदी सावकाश, झोपेतून उठून बसणाऱ्या माणसासारखा. पंढरीनाथ बघतच राहिले. रवींद्रने जॅकेटची चेन वर ओढली आणि कातळाच्या टोकाकडे निघाला.

"साहेब, म्होरं नका जाव," सावळ्या म्हणाला. "काय काढायचं ते हितनंच काढा."

"का रे, दरी आहे का?"

"दरी न्हाय. देव हाय."

रवींद्र थबकला.

"यो डोंगर आमचा देव हाय," सावळ्याने शांतपणे सांगितलं. "त्याच्याकडं पाठ करून त्याच्या म्होरं कोन उभा ऱ्हात न्हाय. आमी न्हाय, पावना न्हाय."

"अरे पण उंची कशी कळणार त्याची?"

"त्याला ठाव हाय त्याची उंची."

त्या दिवशी मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा रवींद्र नसलेला फोटो निघाला. तो पंढरीनाथांनी काढला. खाली हिरवट काळोख, मध्ये डोंगर, वर नुसतं आभाळ. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सावळ्याने तो नीट बघून घेतला. उतरताना तो पंढरीनाथांशेजारी चालू लागला.

"बाबा, यो फोटू कागदाव मोठा निघतो का? भितीएवडा?"

"निघतो की. कशाला हवा?"

मग सावळ्याने सांगितलं. त्याची आई गंगू हल्ली भिवंडीलगत राहनाळला होती, नातीकडे. नात दिपिका तिथल्या गोदामात पॅकिंगला. म्हातारीच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं, तोवर रोज थेंब घालायचे म्हणून दिपिकाने तिला ठेवून घेतलेलं. पण गंगूचा जन्मभराचा नेम असा की सकाळी दार उघडायचं, डोंगराला हात जोडायचे, मगच चहा घ्यायचा. राहनाळला दार उघडलं की समोर गोदामाचा निळा पत्रा. चार दिवस तिने पत्र्याकडे बघून चहा ढकलून दिला. आता पिशवी भरून बसली होती. हा सोडून पुढच्या मंगळवारी वज्रेश्वरीच्या एसटीत बसते म्हणत होती. डोळा गेला तर गेला.

"फोटू काढनारं लई येतात," सावळ्या म्हणाला. "धाडतो म्हनतात. अजून कुनाचा आला न्हाय."

पंढरीनाथ पोस्टमन होते. हे वाक्य त्यांना पायात काटा जावा तसं लागलं.

"माझा येईल," ते म्हणाले. "त्या मंगळवारच्या एसटीआधी राहनाळला पोचेल. भिंतीएवढा."

"आनि त्यात मानूस नको हां, बाबा. येक बी."

घरी येऊन त्यांनी तो फोटो आधी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. पटापट अंगठे आले, फुलं आली. एकाने विचारलं, "सुंदर, पण रवीभाऊ कुठे आहेत?" दुपारपर्यंत फोटो इतर ग्रुपांवर गेला. संध्याकाळी कल्याणच्या मेहुणीकडून तो पंढरीनाथांच्याच फोनवर परत आला तेव्हा डोंगराच्या माथ्यावर गुलाब उगवला होता आणि आभाळात लिहिलं होतं, 'शुभ सकाळ, नाती जपा'.

"आपण देव मानत नाही," मंदाताई तो बघत म्हणाल्या, "आणि तुम्ही देव छापायला निघालात."

"मी टपाल पोचवतोय. आत काय आहे ते पोस्टमन विचारत नाही."

भिंतीएवढं छापायचं म्हणजे भिवंडीत फ्लेक्स. त्यात गंगूला बारीक दिसत नव्हतं, तेव्हा मोठाच हवा होता. रवींद्र म्हणाला, "दादा, तुम्ही कशाला हेलपाटा घालता? भावेशकडे माझं रोजचं काम असतं. मी फोटो पाठवतो, तो करून ठेवतो." कॅमेऱ्यातला मूळ फोटो त्याने भावेशला पाठवला, खाली फक्त माप लिहिलं आणि पॉलिसीच्या कामाला निघून गेला.

गुरुवारी पंढरीनाथ भावेशच्या दुकानात गेले. भावेश तिशीतला, गोल, हसरा. दुकानाच्या अर्ध्या जागेत मशीन, उरलेल्या अर्ध्यात गुंडाळ्या. त्याने एक गुंडाळी मोठ्या प्रेमाने उलगडली.

डोंगर होता. पण डोंगराच्या छातीवर खुद्द पंढरीनाथ उभे होते, कानाला मोबाइल लावून. हा फोटो गेल्या जयंतीच्या फ्लेक्सवरचा. आभाळात सोनेरी अक्षरांत 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. त्याखाली गॉगल घातलेला रवींद्र, आणि पायथ्याशी झाडं होती तिथे गोल गोल चौकटींत शुभेच्छुकांची रांग.

पंढरीनाथांनी वाकून सोनेरी अक्षरं पुन्हा वाचली.

"माझा वाढदिवस जूनमध्ये असतो," ते म्हणाले.

"निमित्त लिहिलं नव्हतं ना, काका. मग मी वाढदिवस टाकतो. वाढदिवस कधीही चालतो."

"हे दोघे कोण? हे आमच्या मंडळात नाहीत."

"जागा उरली होती," भावेश म्हणाला. "चांगली माणसं आहेत पण. पडघ्याची."

"अरे बाबा, मला नुसता डोंगर हवा होता."

भावेशने त्यांच्याकडे अशा काळजीने पाहिलं की जणू त्यांनी नुसतं ताट मागितलं होतं, जेवणाशिवाय.

"काका, डोंगर तर बॅकग्राउंड असतो," तो हळूच म्हणाला. "बॅकग्राउंड कोण छापतं?"

पंढरीनाथांनी त्याला गंगूची सगळी हकिकत सांगितली. भावेश मनाचा हळवा. त्याने डोळे पुसले, चुकीचा फ्लेक्स गुंडाळून फुकट त्यांच्या हातात दिला. "पत्र्यावर टाकायला होईल कुणाला तरी," म्हणाला. "शनिवारी या. एक चेहरा दिसला तर दुकान बंद करीन."

शनिवारी खरोखरच एकही चेहरा नव्हता. चेहऱ्यांच्या जागी मात्र दोन राजहंस पोहत होते. उजवीकडून सूर्याचे किरण फाकले होते आणि डोंगराच्या खांद्यावरून एक पांढरा शुभ्र धबधबा खाली येत होता, त्यावर इंद्रधनुष्य.

"माणसं काढली तर फार उघडं दिसायला लागलं," भावेश म्हणाला. "आजीला प्रसन्न वाटावं म्हणून थोडी सजावट केली. पैसे नको मला ह्याचे."

"भावेश, त्या डोंगरावर धबधबा नाही रे."

"आता आहे."

पंढरीनाथ स्टुलावर बसले. रागवावं तर कुणावर? या मुलाने सबंध रात्र जागून देवाला पाणी काढून दिलं होतं. पण म्हातारी जन्मभर तो डोंगर बघत आली आहे. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने तिला राजहंस दिसले तर ती पिशवी उचलून थेट एसटी गाठेल. आणि सावळ्या पुढच्या पाहुण्यांना सांगेल की एक पोस्टमनही असाच येऊन गेला.

"सोमवारी मी स्वतः येऊन बसतो," ते म्हणाले. "माझ्यासमोर छापायचं."

दुसरी गुंडाळीही त्यांनी घरी नेली. मंदाताईंनी ती उलगडून पाहिली आणि राजहंस आपल्याला आवडल्याचं सांगितलं.

सोमवारी सकाळी दुकानात गर्दी. जवळच्या गावात सप्ताह बसायचा होता आणि मशीनवर कीर्तनकार बुवांचा भलामोठा फ्लेक्स निघत होता. मशीनचं डोकं इकडून तिकडे जायचं, खर्र, आणि टोकाला आदळल्यासारखं व्हायचं, खट्. प्रत्येक फेरीला बुवा चार बोटं बाहेर. आत्तापर्यंत फेटा आणि कपाळ आलं होतं, डोळे यायचे होते.

भावेशने संगणकावर डोंगराचा मूळ फोटो उघडला. वर सगळं मोकळं आभाळ. त्याचा उजवा हात माउसवर होता आणि तो हात, पंढरीनाथांनी स्पष्ट पाहिलं, आपला आपणच आभाळाकडे सरकत होता.

"भावेश."

"नाही नाही. काही करत नाही." हात खाली आला. मग पुन्हा निघाला. "काका, खरं सांगतो, माझ्या हातून रिकामं जात नाही. लोक म्हणतील भावेशच्या मशीनची शाई संपली. एक पक्षी तरी? लांबचा?"

मागे एक लूममालक आपल्या बोर्डाची वाट बघत उभे होते. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "अरे चाचा, ऊपर इतनी जगह ख़ाली छोड़ दी? किसी को किराये पर दे दो।"

"बघा," भावेश म्हणाला. "पब्लिकला पण सहन होत नाही."

पंढरीनाथांनी सुस्कारा सोडला. साध्या शब्दांत सांगून तर दोनदा झालं होतं. आणि तेवढ्यात त्यांच्या कानाने मशीन ऐकलं. खर्र, खट्. खर्र, खट्. ठेका अगदी सरळ, मृदंगाला लाजवील असा. ते उठले, खांद्यावरचा रुमाल नीट केला आणि गुंडाळ्यांच्या मधोमध उभे राहिले.

"एक गाव होतं," त्यांनी सुरू केलं. आवाज नोकरीतलाच, तीन मजले वरून पत्र घ्यायला बोलावणारा. "गावात देऊळ, देवळाची भिंत कोरी. गावकऱ्यांनी चित्रकार बोलावला. म्हणाले, भिंतीवर देव काढ. त्याने काढला. काय देव, काय तेज! मग पाटील आला. म्हणाला, देव छान आहे, पण रंगाचा खर्च माझा. कोपऱ्यात मला काढ."

"बरोबर आहे," भावेश म्हणाला.

"काढला. मग सावकार आला. त्याला पाटलापेक्षा जरा मोठा काढला. मग पाटलाचा मेहुणा आला, मेहुण्याचा मित्र आला, मित्राचा वाढदिवस होता." दुकानात कुणीतरी खुसखुसलं. "प्रत्येकाला जागा हवी. चित्रकार बिचारा नाही कसा म्हणणार? देवाचा हात झाकला, खांदा झाकला, मुख झाकलं. शेवटी देवाचा एक अंगठा उरला. आणि मंडळी, लांबच्या गावाहून एक म्हातारी आली. डोळ्यांनी अधू. उपाशी. देव बघेन तेव्हाच पाणी पिईन म्हणणारी. तिने भिंतीपुढे डोकं टेकलं. कुठे टेकलं असेल?"

"कहाँ?" लूममालकांनी विचारलं.

"पाटलाच्या पोटावर."

सगळं दुकान हसलं, आणि त्या हसण्यावर स्वार होऊन पंढरीनाथांनी चाल धरली. शब्द तिथल्या तिथे जुळले, कसे ते त्यांनाही कळलं नाही:

"थोडं सरा हो, थोडं सरा,
देव दिसू द्या म्हातारीला जरा."

खर्र, खट्. सप्ताहाच्या फ्लेक्ससाठी आलेल्या दोन भजनी माणसांचे हात आपोआप टाळीला गेले. दुसऱ्या फेरीला त्यांनी ध्रुवपद उचललं. तिसऱ्या फेरीला लूममालकांनी, "थोडा सरको भाई, थोडा सरको," असा आपला पाठभेद सुरू केला. रस्त्यावर रिक्षा थांबल्या. मशीनमधून बुवांचे डोळे बाहेर आले, मग नाक, आणि पंढरीनाथांनी शेवटची तान घेतली तेव्हा नेमकं बुवांचं हसू बाहेर येत होतं. जणू ऐकून पावले.

भावेशचा हात माउसवर तसाच होता. त्याने डोळे मिटले, विहिरीत उडी मारणाऱ्या मुलासारखा श्वास घेतला आणि छापायची खूण दाबली.

बुवा पुरे बाहेर पडले, आणि मग डोंगर निघाला. आधी आभाळ आलं, नुसतं आभाळ, हातभर, दोन हात. भावेशला ते बघवेना, तो बाहेर जाऊन उभा राहिला. आत आला तेव्हा माथा दिसायला लागला होता आणि दुकानातली माणसं मशीनभोवती गोळा झाली होती.

"काका," तो म्हणाला, "एवढा मोठा आहे का तो?"

"आहे."

खालच्या कोपऱ्यात मात्र बारीक अक्षरांत दुकानाचं नाव आणि मोबाइल नंबर होता. पंढरीनाथांनी बोट ठेवलं. भावेशने मान खाली घातली. "एवढं तरी राहू द्या. हात सवयीने गेला." मग दोघांनी मिळून ती पट्टी मागे दुमडली आणि लाकडी काठीवर ठोकून टाकली. भावेशचं नाव डोंगराच्या पाठीशी गेलं, आणि तिथे त्याला कुणाची हरकत नव्हती.

मंगळवारी सकाळी पंढरीनाथ गुंडाळी खांद्यावर घेऊन राहनाळला पोचले. सावळ्या आधीच आलेला. खोलीच्या दारात गंगू बसलेली, मांडीवर पिशवी, शेजारी निवलेला चहा. दिपिका गोदामाच्या ड्युटीचा ड्रेस घालून, पण चप्पल न घालता उभी.

"कुठं टांगायचा?" पंढरीनाथांनी विचारलं. "ह्या भिंतीवर उजेड चांगला आहे."

"डोंगर त्या अंगाला हाय," गंगूने दुसरीकडे हात केला. "देव जितं हाय तितंच ऱ्हानार."

"आजी, तितं टीव्ही हाय," दिपिका म्हणाली.

"टीवीला कंची दिशा असती?"

टीव्ही खाली उतरला. सावळ्याने खिळे ठोकले, पंढरीनाथांनी गुंडाळी सोडली आणि डोंगर भिंतभर उतरला. गंगू उठली. ऑपरेशन न झालेल्या डोळ्यावर तिने तळवा धरला आणि झालेल्या डोळ्याने पाहत राहिली. माथ्यापासून खाली, पायथ्यापासून वर. बाहेर टेम्पो हॉर्न वाजवत होता. पंढरीनाथांना वाटलं, आपण इतकी टपालं वाटली पण पाकीट फोडेपर्यंत दारात असे कधी उभे राहिलो नाही.

"म्होरं कोन न्हाय ना?" तिने विचारलं.

"कोणी नाही, आजी."

"तू काढलास ना यो? मंग तू कुठं हायस?"

"मी मागे होतो. कॅमेऱ्याच्या मागे."

"बेस," ती म्हणाली. "तितंच ऱ्हा."

मग तिने हात जोडले. बराच वेळ जोडलेले ठेवले. इतक्या दिवसांचं साठलं होतं बहुतेक. खाली बसली आणि निवलेल्या चहाला हात घातला. दिपिका म्हणाली, "थांब, गरम करते." गंगूने पिशवी तिच्याकडे दिली. दिपिकाने ती रिकामी करून खुंटीला लावली, थेंबांची बाटली आणली आणि मगच चप्पल घातली.

जाताना सावळ्याने विचारलं, "बाबा, ते वायलं दोन चुकलेलं फलेक्स म्हनत व्हतास, त्यांचं काय करनार?"

"काही नाही. हवेत का?"

"पाड्याव लागतात."

पुढच्या हिवाळ्यात मंडळ पुन्हा त्याच कातळावर गेलं. तोवर गंगू दोन्ही डोळे घेऊन पाड्यावर परतली होती. राहनाळचा फ्लेक्स मात्र भिंतीवरच राहिला, आणि टीव्ही जमिनीवर. दिपिका म्हणायची, आता डोंगर बघितल्याशिवाय तिलाच सकाळी चहा जात नाही.

धुकं हललं, डोंगर वर आला. सगळ्यांनी कॅमेरे डोळ्यांना लावले, आणि सगळ्यांनी ते खाली घेतले. डोंगराच्या बरोब्बर पायथ्याशी, सावळ्याच्या खळ्यात, भाताच्या पेंढ्याची उंच उडवी रचलेली होती. दवापासून जपायला तिच्यावर फ्लेक्स अंथरलेला. त्यावर पंढरीनाथ कानाला मोबाइल लावून, शेजारी गॉगलमध्ये रवींद्र, भोवती पडघ्याची ती दोन चांगली माणसं, आणि देवडोंगराला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. पलीकडे शेळ्यांच्या गोठ्यावर राजहंस पोहत होते. कुठूनही, कसाही फोटो काढा, ही मंडळी त्यात येणारच होती.

रवींद्रला आनंद आवरेना. "बघा दादा. आता कळते की नाही उंची?"

पंढरीनाथांचा जीव मात्र अर्धा झाला. ते सावळ्याकडे वळले. "अरे, तूच म्हणाला होतास ना, देवापुढे पाठ करून कुणी उभं राहायचं नाही म्हणून? आणि आम्हाला सगळ्यांना त्याच्यापुढे मांडलंस?"

सावळ्याने खाली उडवीकडे नीट पाहिलं, मग वर डोंगराकडे पाहिलं.

"उभं कुठं केलंय, बाबा," तो म्हणाला. "उतानं निजवलंय तुमाला. तोंड त्याच्याकडंच हाय."